एकतीस तास

“अकरा हजार किलोमीटर, दोनदा विमान बदला, एकतीस तास. चेष्टा आहे का?” मुलगा का येत नाही, असं कोणी विचारलं की अंथरुणाला खिळलेले बाबा हेच ऐकवायचे. सहा वर्षं उस्तवार करणारी लेक त्यांची कूस बदलून द्यायची. काल सकाळी डॉक्टरांनी हात टेकले, तिने भावाला कळवलं. आज दुपारी तो दारात उभा. त्याचा कोट खुंटीला अडकवताना तिकिटाचा कागद पडला. थेट विमान, साडेतेरा तास. “हे कधी सुरू झालं?” “झाली सात वर्षं, ताई,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. तेवढ्यात बाबांनी डोळे उघडून त्याचा हात चाचपला. “दमला असशील रे. एकतीस तास.” “हो, दोनदा विमान बदललंय,” कागद मुठीत चुरगाळत ती म्हणाली. “झोपू द्या त्याला.” तिने आपली खाट भावाला झटकून दिली.