निकालाआधी हात मिळवा

"तुमचं कुणी खेळतंय का यात?" मुख्य पंचबाईंनी शिट्टी देता देता विचारलं. दरवर्षीचाच प्रश्न.

"नाही," पंच म्हणाले. "सडाफटिंग माणूस मी."

"मग बरंय. फायनल तुम्हीच घ्या. बाकीच्या पंचांची पोरं कुठे ना कुठे अडकलीत."

शाळांच्या या रोबोट स्पर्धेत पंच सुट्टी घालवून फुकट राबायचे. कपाळावर टोपी, हातात मोजे, डोळ्यांवर जाड गॉगल. गॉगल फक्त मैदानात सक्तीचा होता, पण हे जेवतानाही काढत नसत. पोरं त्यांना 'वेल्डर' म्हणायची.

रोबोटनं ढकललेला ठोकळा चौकटीच्या रेषेच्या आत आहे की नाही, हे ते ठोकळा आणि रेषेच्या मधून एक पातळ कार्ड सरकवून ठरवत. कार्ड आरपार गेलं, तर गुण. सकाळपासून त्यांच्या निकालावर कुणी ब्र काढला नव्हता.

स्पर्धेची एक रीत होती. शिट्टी झाली की कर्णधारांनी निकालाआधी पंचांशी हात मिळवायचा. निकालानंतर ठेवलं असतं, तर निम्म्या पोरांनी तोंडं फिरवली असती.

फायनलला निळा संघ चांगला खेळला. त्यांची कर्णधार मुलगी वर्षभर शाळा सुटल्यावर या यंत्रामागे खपली होती. जिंकली तर देशपातळीवर जाणार होती. अगदी शेवटी तिच्या रोबोटनं ठोकळा चौकटीत ढकलला.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि उजव्या हाताचा मोजा काढला. सकाळपासून ते मोज्यासकट हात मिळवत होते.

"थँक यू सर," ती म्हणाली. तिच्या बोटांना ग्रीस लागलं होतं. नजर ठोकळ्यावर होती.

पंच गुडघ्यांवर बसले. बराच वेळ बसले. कार्ड खिशातच राहिलं.

"नीट कळत नाही. सामना पुन्हा होईल."

"सर, आत आहे. कार्ड लावून बघा ना."

"पुन्हा होईल म्हटलं ना."

ती मुकाट्यानं मागे सरली. पंचांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उघड्या हाताला लागलेलं ग्रीस त्यांनी पुसलं नाही.

निळ्या रोबोटची बॅटरी दुसऱ्या सामन्याला पुरली नाही. अर्ध्या वाटेत त्यानं मान टाकली. शिट्टी झाली तेव्हा पंचांचा मोजा आधीच खिशात होता. त्यांनी हात पुढे केला. मुलगी त्यांच्याकडे न बघता बाजूनं निघून गेली. दुसऱ्या कर्णधारानं तोच हात धरून जोरजोरात हलवला.

नंतर पंच बाहेर पॅसेजमध्ये गॉगलची काच पुसत उभे होते. ती मुलगी आईबरोबर समोरून आली.

"आई, हेच ते. यांनीच हरवलं आम्हाला."

आईनं पंचांकडे पाहिलं आणि तिचा पाय थबकला.

"तू गाडीत जाऊन बस," ती मुलीला म्हणाली. मुलगी पायऱ्या उतरून दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.

"गॉगल चढव परत," मग ती शांतपणे म्हणाली. "तू गेलास तेव्हा फार लहान होती, म्हणून तिनं ओळखलं नाही तुला. बाबांबद्दल अजून चांगलं बोलते ती."