नखाला लागणारी फट

ओट्याच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटचे दोन तुकडे तिरके जुळले, तशी यल्लप्पाच्या बायकोने, गंगव्वाने, सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. भिंतीकडे सांधा बंद होता, पण पुढे येता येता उघडत होता.

"लागतंय," गंगव्वा म्हणाली.

यल्लप्पाने डोळे मिटले. भिंतीचा कोपरा न मापता त्याने सवयीने पंचेचाळीस अंशांत कापलं होतं. आता भिंतीकडचं टोक घासायला हवं होतं. घासताना टवका उडाला, तर त्या रंगाचा दुसरा दगड बाजारात नव्हता. सकाळपासून दोघांनी हा तुकडा चार वेळा उचलला होता.

"अहो मिस्त्री, केसाएवढी तर फट," मालकीणबाई म्हणाल्या. "लांबी-पुट्टी भरा आणि जा घरी. कोण बघणार आहे?"

"कणीक बघतीय," गंगव्वा म्हणाली. "आमच्या ओट्याला अशीच फट ठेवलीय यांनी. नऊ वर्षं झाली, रोज सुईनं कणीक काढती मी."

मालकीणबाई हसल्या. यल्लप्पा हसला नाही. त्याने तुकड्याला हात घातला. गंगव्वाने दुसरी बाजू धरली.

अर्ध्या तासाने तिने पुन्हा नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही. तिने आणखी एकदा फिरवलं, उगाचच.

निघताना यल्लप्पा कटर पिशवीत घालू लागला.

"राहू द्या की इथंच," ती म्हणाली. "उद्या यायचंच आहे."

"उद्या नाही," तो म्हणाला. "उद्या घरचं काम आहे."