गोव्याला विकलेली मोटार

"ही पासष्टची नाही," मटिल्डा म्हणाली. "आधीच्या सालची आहे."

फर्डिनंडने हातातलं फडकं बॉनेटवर आपटलं. "तुला कोणी बोलावलं इथे?"

कोणीच नाही. फर्डिनंडने इतकी वर्षं ताडपत्रीखाली झाकलेली लाल स्पोर्ट्स मोटार अंगणात काढलेली तिला शेजारच्या वाडीतून दिसली. चंदनसारचा जितेंद्र ती विकत घ्यायला आला होता. मटिल्डा काठी टेकत सरळ फाटकातून आत शिरली.

एके काळी अशी मोटार निर्मळच्या रस्त्याला लागली, की केळीच्या बागांतून माणसं बघायला धावत यायची. सगळ्या गावात ती एकच होती.

"ती जुनी मी त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्यापूर्वीच गोव्याला विकली," फर्डिनंड म्हणाला. "ही नवी, नंतर घेतलेली. गावासमोर शपथ घेऊन सांगितलंय मी."

"तीच शपथ खोटी होती. आज ते कोणीतरी डोळ्यांनी बघू दे."

"आंटी, दिसायला दोन्ही सेमच असतात," जितेंद्र हसला. "फरक फक्त चासीत, खालच्या सांगाड्यात."

"माहीत आहे. नवीच्या पोटाखाली शिडी. जुनीच्या पोटाखाली क्रूस. आडवा पडलेला, असा." काठी काखेत धरून तिने मनगटावर मनगट ठेवलं. "वाकून बघ."

"काही बघायचं नाही!" फर्डिनंड ओरडला. "कागदावर पासष्ट आहे. मालक मी, की ही?"

जितेंद्र गोंधळला. "अंकल, जुनी निघाली तर तुमचाच फायदा. तिला भाव जास्त आहे."

"मला नको जास्त भाव!"

"ऐकलंस?" मटिल्डा म्हणाली. "मासळीवालीला सांग जा, असा विकणारा वसईत आहे म्हणून."

जितेंद्र मोबाइलचा उजेड धरून मोटारीखाली सरकला.

"क्रूसच आहे!" खालून आवाज आला. "जोडही कंपनीचेच, नंतरचे नाहीत. अंकल, ही जुनीच!"

फर्डिनंड पायरीवर बसला. "मटिल्डा, पुरे आता. घरी जा."

"मी घरीच होते. इतकी वर्षं."

जितेंद्र शर्ट झटकत बाहेर आला. "मानलं आंटी! मेकॅनिकलासुद्धा एवढं पटकन सांगता येत नाही. तुमच्याकडे होती का अशी मोटार?"

"आमच्याकडे बैलगाडी होती."

"मग हिची चासी तुम्ही कधी बघितली?"

मटिल्डाने फर्डिनंडवरची नजर काढली नाही.

"त्याच उपवासकाळात, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून मिस्साहून येताना. माझी एलिना कडेवर होती. दोघी हिच्याखाली गेलो. बाहेर मी एकटी आले."