आखूड दांडा

क्लिप पुन्हा निसटली आणि गाडीच्या पोटात कुठेतरी टिक् करून पडली. मुलगी दातांची डॉक्टर होती. तिने दवाखान्यातला छोटा गोल आरसा गिअरच्या भोकात घातला, मोबाइलचा उजेड धरला आणि चिमट्याने क्लिप शोधू लागली. पाय दाराबाहेर आणि पोट दोन सीटच्या मधे, अशी ती आडवी झाली होती. आजवर लोकांना आ करायला सांगत आली, आज गाडीने आ केला होता.

"झालं का गं?" आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"होतंय."

"बाबा उठलेत. मी चहा टाकलाय."

चहापर्यंतचीच मुदत होती. बाबांनी सकाळी सांगूनच टाकलं होतं, "काय करायचंय ते कर. चहा झाला की मी बसून बघतो. जमलं तर गाडी राहील. नाही तर उद्या तो माणूस गाडी विकत घ्यायला आला की किल्ली देऊन मोकळा होतो."

बाबा म्हणजे अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. जन्म सगळा शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर गेला, म्हणून निवृत्त झाल्यावर ही बुटकी, दोनच सीटची, उघड्या टपाची गाडी घेतली आणि तिच्या स्टेअरिंगला कुणाला बोट लावू दिलं नाही. मग स्टुलावरून पडण्याचं निमित्त झालं. हाड जुळलं, डावा खांदा मात्र आखडला तो आखडलाच. डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, पण हात पहिल्या गिअरपर्यंत पुढे जाईना. तेव्हापासून ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे बसत.

म्हणून हा गिअरचा नवा, आखूड दांडा. स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन लोक झटपट गिअर बदलता यावा म्हणून बसवतात, तसला. हात निम्माच हलवावा लागतो. मनगटावर काम भागेल, खांद्याला त्रास नाही, असा तिचा हिशेब होता.

क्लिप बसली एकदाची. तिने कातडी टोपण लावलं, वर बाबांची जुनी मूठ फिरवून घट्ट केली. आकडे पुसून गुळगुळीत झालेली मूठ. मग त्यांच्या सीटवर बसून क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला.

पडला नाही.

तिने जोर लावला. खट् करून पडला. हात खरंच जेमतेम हलला होता, पण केवढा जोर! तिने दुसरा टाकून पाहिला. तेच. कपाळाला दरदरून घाम फुटला. लांब हँडलचा चिमटा घ्या, कमी जोरात दात निघतो, हे ती दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांना येता-जाता ऐकवायची. इथे स्वतःच्या हाताने दांडा आखूड करून बसली होती. आणि बाबांच्या त्या हातात हल्ली पाण्याचा तांब्याही धड उचलायची ताकद नव्हती. जुना दांडा परत बसवावा, तर तिथवर हात पोचत नाही. तिला रडूच यायला लागलं.

बाबा आले. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. पायात बाहेर जायचे बूट होते, नाड्या आईने बांधून दिल्या असणार. ते बूट बघून तिचा धीर आणखीच खचला.

"बाबा, जरा घट्ट लागेल," ती म्हणाली. "नवीन आहे ना. रुळेल."

"सरक तिकडे."

ती शेजारच्या सीटवर सरकली. बाबांनी बसून मुठीवर हात ठेवला. चेहरा उजळला. "अगं, खांदा हललासुद्धा नाही!" मग त्यांनी गिअर टाकला. पडला नाही. पुन्हा टाकला. मानेची शीर तट्ट फुगली. खिडकीतला पडदा हलला आणि तसाच धरून ठेवल्यासारखा राहिला. शेवटी बाबा सगळं अंग घेऊन दांड्यावर झुकले, तेव्हा कुठे तो आत गेला.

गाडी फाटकाबाहेर आली. रस्त्याला लागली. आता दुसरा. दांडा मागे ओढायचा होता. बाबांनी ओढला, ओठ चावून ओढला. जागचा हलेना. त्यांनी क्लच सोडून दिला. गाडी पहिल्याच गिअरवर किंचाळत निघाली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. शेजारून एक सायकलवाला त्यांच्याकडे बघत पुढे निघून गेला.

मुलगी समोर बघत राहिली. बाजूला बघायची तिची हिंमत नव्हती. उद्या फाटकातून गाडी जाताना बाबा कुठे उभे असतील, एवढंच तिला दिसत होतं. बाबांचा हात अजून मुठीवरच होता. तिने त्यावर आपला हात ठेवला.

"हात काढ."

तिने चटका बसल्यासारखा काढला. संपलं, तिला वाटलं.

"क्लच दाबल्याशिवाय गिअरला हात लावायचा नाही," बाबा शिकवणीच्या आवाजात म्हणाले. "किती वर्षं सांगतोय?"

मग त्यांनी क्लच दाबला. मुठीवरचा हात तसाच होता. "हं. आता."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवून ओढला. दुसरा पडला. किंचाळणं थांबलं. गाडी वळणापर्यंत आली.

"तो माणूस उद्या किती वाजता येणार होता?"

"दहाला."

"दहाला आपण घरी नसू," बाबा म्हणाले, आणि क्लच दाबून तिच्या हाताची वाट बघू लागले.