नमुन्याची सही

दोन कर्जं बुडवल्यापासून गॅरेजवाल्याला कुणी दारातही उभं करत नव्हतं. आता पैसे मिळणार होते ते फक्त घर तारण ठेवून, आणि घर तर सासऱ्याने जाताना मुलीच्या नावावर केलेलं.

"दागिने गेले, गाडी गेली. आता डोक्यावरचं छप्पर नाही घालवायचं मला. मी सही करणार नाही," बायको म्हणाली.

त्याने तिचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि चाकाचा पाना उचलला.

"सही नाही करणार ना हा हात? मग ठेवायचा कशाला?"

पाना दोनदा पडला. शेजारणीने टीव्हीचा आवाज वाढवला.

पाचव्या दिवशी तो तिला प्लास्टरसकट बँकेत घेऊन आला. "जिन्यावरून पडली. वेंधळी आहे जरा," तो मॅनेजरबाईंना हसत म्हणाला. प्लास्टरबाहेरच्या बोटांत पेन धरून तिने कशीबशी सही केली. बाईंनी ती तिच्या खात्यातल्या सहीशी ताडून पाहिली.

"जुळत नाही. कारण लिहून द्या आणि खाली पुन्हा सही करा."

"लिही गं," त्याने टेबलाखाली तिचा पाय दाबला.

तिने पेन डाव्या हातात घेतलं. बारा वर्षांच्या संसारात त्याने तिला लिहिताना कधी पाहिलंच नव्हतं. तिने झरझर लिहिलं, 'नवऱ्याने पान्याने हात मोडला. पोलिसांना बोलवा.'



खालची सही तंतोतंत जुळली.