नमस्काराला बँक कशाला

ऑफिसच्या वेबसाइटचं नुसतं ‘नमस्कार’ दाखवणारं पान उघडायला एवढा वेळ का लागतो, हे तिला लॅपटॉपवर शोधताना सापडलं तेव्हा बाबा आतल्या खोलीत बॅग भरत होते. आत्याकडे चालले होते, कायमचे. गाडी येण्यातच होती.

बाबा राहायला आले तेव्हापासून तिने त्यांना काही म्हणून कमी पडू दिलं नव्हतं. गुडघ्यांसाठी मऊ गादी आणली. ती पाठीला सोसेना म्हणून कडक आणली. स्वयंपाकाला बाई लावली, दूधभाजी आणायला माणूस. बाबांनी झाडू उचलला तर तो हातातून काढून घेतला. तरी निघाले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “तुझ्याकडे सगळं आहे गं.” याला ती कौतुक समजली होती.

चष्म्याचं घर शोधत बाबा बाहेर आले. “माशी कुठे शिंकली ते कळलं का?”

“कळलं. आमच्या जुन्या फ्रेमवर्कची, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आमची पानं चालतात त्याची खोड. कुठलंही पान उघडलं की लागेल लागेल म्हणून त्याच्यापुढे सगळं आणून ओततं. ईमेल, प्रिंटिंग, बँकेचं कनेक्शन. नमस्काराला बँक कशाला?”

“पानाने मागितली होती?”

“छे! सगळा अंदाजपंचे कारभार. आता मी तो काढून टाकला. ज्याला जे लागतं ते त्याने आत शिरतानाच सांगायचं. सांगेल तेवढंच हातात मिळेल.”

“आणि जो सांगणारच नाही?”

“त्याला काही नाही.”

“बरं केलंस,” बाबा म्हणाले, आणि चष्म्याचं घर घेऊन आत गेले.

तिने पान उघडून पाहिलं. झटक्यात उघडलं. नमस्कार. ती त्याच्याकडे बघत बसली. मग भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या मऊ गादीकडे.

खाली हॉर्न वाजला.

ती उठली आणि बाबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“बाबा, मला सकाळी दुधाकडे लक्ष ठेवणारं माणूस लागतं. बाई फोनवर असते, रोज उतू जातं. आणि संध्याकाळी मी आले की ‘आलीस का’ म्हणणारं कुणीतरी लागतं.”

बाबांनी बॅगेची चेन ओढली. उघडायच्या दिशेने.

“आत्याला फोन कर,” ते म्हणाले. “म्हणावं, इथूनच मागणी आली.”