धरमसिंगचा गोठा

गोठ्यात गाय नाही, म्हैस नाही, साधी कोंबडीसुद्धा नाही. मग दाराला एवढं मोठं कुलूप कशाला? कस्तुराबाईंनी वांगी तोडता तोडता शेताच्या धुऱ्यापलीकडे पाहिलं आणि सुनेला म्हटलं, "सुचिता, माह्यं ऐक. धरमसिंगनं तिथं वाघ कोंडला."

सुचिता हसली. "आत्याबाई, वाघ का मांजर आहे पोसाले?"

"तीस वर्षं थो काय करत होता? वाघायचे पिंजरेच धूत होता ना?"

हे मात्र खरं होतं. धरमसिंग दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात नोकरीला होता. मागच्या वर्षी निवृत्त होऊन तो मेडशीला परतला आणि कस्तुराबाईंच्या शेजारचं आपलं शेत स्वतः कसू लागला. माणूस अबोल. आणि अबोल माणसावर कस्तुराबाईंचा विश्वास उभ्या जन्मात बसला नव्हता.

त्यात यंदा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शिवारभर धुडगूस घातला. कस्तुराबाईंच्या तुरीचे शेंडे एका खेपेत साफ झाले. धरमसिंगच्या तुरीत मात्र एक रोही पाय ठेवीना. जनावरांना काय त्याचा सातबारा वाचता येत होता?

मग तो आवाज. धरमसिंग रोज पाचला सायकलवर टांग टाकून गावाकडे निघायचा. तो गेला, उन्हं उतरली, की गोठ्यातून डरकाळी यायची. लांबलचक, शेवटी कापत जाणारी. अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगायचं तर कीवही यायची. कोंडलेल्या जिवाचा आवाज ओळखायला वाघ पाहिलेला असावा लागत नाही.

दहा दिवसांपासून त्यात भर पडली होती. गोठ्यातला आवाज थांबला की जराशाने नाल्याच्या अंगाने दुसरा यायचा, पहिल्याहून जाड. नाल्याकाठी धरमसिंगची पाण्याच्या मोटारीची खोली होती. कस्तुराबाईंनी लगेच ताडलं: मेल्यानं जोडा आणलाय. मादी गोठ्यात, नर खोलीत.

परवा तर त्यांची काळी शेळीच गेली. नाल्याकाठच्या बाभळीला बांधलेली होती. दाव्याचा तुकडा तेवढा उरला. वाघांना खायला घालायचं म्हणजे शेजाऱ्याची शेळी सोयीचीच. त्या दिवसापासून सुचिताला नाल्यातून यायची बंदी झाली. शेळ्या घेऊन डांबरी रस्त्यानेच यायचं, लांब पडलं तरी. सुचिता कुरकुरली, तेव्हा कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या, "शेळी गेली तं गेली. तू पाह्यजेत मले." सून जिवापाड आवडायची त्यांना, आणि तसं त्या बोलूनही दाखवायच्या.

शेवटी त्यांनी वनरक्षक उदयसिंगला बोलावून आणलं. दुपारचे चार वाजले होते. धरमसिंग गोठ्यासमोर विळा घासत बसला होता.

"भाऊ, कुलूप खोला," उदयसिंग म्हणाला.

"कायले?"

"तुमी वाघ ठेवला म्हणते या बाई."

धरमसिंगने कस्तुराबाईंकडे पाहिलं. रागावला नाही, हेही त्यांना संशयास्पदच वाटलं. किल्ली काढून त्याने दार उघडलं.

आत एक बॅटरी होती. तिला जोडलेला जुना मोबाईल आणि वर आढ्याला बांधलेला भोंगा. बाकी भिंती.

"बॅटरी चोरीले जाते म्हणून कुलूप," धरमसिंग म्हणाला. "साडेपाच झाले की आपोआप सुरू होते. रोही येत नाही मंग."

उदयसिंगने बटण दाबलं. तोच आवाज. भर दुपारीही कस्तुराबाई दोन पावलं मागे सरल्या.

"गंगी आहे थे," धरमसिंग सांगू लागला. आज पहिल्यांदाच तो एवढं बोलत होता. "जंगलात जन्मली. माय मेली म्हणून पिंजऱ्यात आनली. रोज दिवस बुडाला की अशी हाका मारे. लोकं जाळीशी उभे राहून फोटो काढत. म्हणत, पाह्य, वाघीण गाऊन राह्यली. मी सायबाले म्हटलं, सोडा तिले. सायेब म्हणे, आता जंगलात नाही जगनार थे. बराबर होतं त्याईचं. पन मंग आनली काहून?" त्याने आवाज बंद केला. "बारा वर्षं हाका मारल्या तिनं, वयनी. कोनी जबाब देल्ला नाही. पिंजऱ्यातच मेली. अन मी पाहा, मेल्यावरही राखनीले बसोली तिले."

कस्तुराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भल्या माणसावर आपण काय काय किटाळ घेतलं! शेळी कुणा भुरट्यानेच नेली असणार. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"हे वाजवू नका आता भाऊ," उदयसिंग समजुतीने म्हणाला. "लोकं भेतात."

"नाही वाजवत. तिलेही सुटका पाह्यजेत." धरमसिंग तारा सोडू लागला.

कस्तुराबाईंनी फोन काढला. आधी सुनेच्या जिवाचा घोर मिटवायचा होता, स्वतःचाही. "सुचिता, वाघ नाही अन काई नाही. भोंगा होता बाप्पा. डांबरीनं नको फिरू, शेळ्या घेऊन नाल्यानंच ये."

"बरं झालं, आत्याबाई," सुचिताचा आवाज खुलला. "नाल्यापाशीच आहे मी. उतरलीच पाहा."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या छातीवरचा दहा दिवसांचा भार उतरला होता. उदयसिंग जीपकडे वळला. धरमसिंगने भोंगा खाली काढून पोत्यात घातला.

"आता नाल्याकडचाही काढून घ्या, धरमसिंगभाऊ," कस्तुराबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

"नाल्याकडचा कोनता?"

"मोटारीच्या खोलीतला. हे थांबली का थो बोलते ना, जाड आवाजाचा. मले तं वाटलं, जोडाच आनला तुमी."

धरमसिंगचे हात पोत्यावरच थांबले. त्याने नाल्याकडे पाहिलं.

"वयनी," तो म्हणाला, "भोंगा एकच आहे."